बल्लारशाहचं इंजिन आणि रंग

दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या बल्लारशाह जंक्शनला फलाटावर उभं राहिलं, की विजेच्या इंजिनांचे रंग आपोआप समोर येतात. मालगाडीचं डब्ल्यूएजी-९ हिरवं, त्यावर पिवळा पट्टा. प्रवासी गाड्यांचं डब्ल्यूएपी-७ पांढरं, लाल पट्ट्याचं. आणि १२ हजार अश्वशक्तीचं दुहेरी डब्ल्यूएजी-१२ निळसर.

फोटोत मात्र हेच रंग दगा देतात. भर उन्हात पांढरं इंजिन फक्क पडतं, तेव्हा प्रकाश थोडा कमी घ्यावा. गोंदिया मार्गावर, वडशाच्या बाजूला, पावसाळ्यात हिरवं इंजिन सागाच्या पानांत हरवतं. तिथे पिवळा पट्टाच डोळ्यांना धरून ठेवतो. कोळशाच्या धुळीने मळलेलं इंजिनही जरूर टिपा, कारण नव्या रंगाखाली ते रूप उद्या झाकलं जाईल. फोटोमागे तारीख आणि इंजिनाचा क्रमांक लिहा. आणि कृपा करून रुळांवर उतरू नका.