रात्रीचं भूत आणि सकाळची गोळी



आजचा विषय ऐकून दोघाचौघांनी नाकं मुरडली. चळवळीच्या व्यासपीठावर भुताच्या पिच्चरवर भाषण? तेही चार पैशांत काढलेल्या, कॅसेटवर पाहिलेल्या पिच्चरवर? नाक मुरडायचं काम सदाशिवपेठी समीक्षक पिढ्यान्‌पिढ्या करतोय. त्यात आपली भर नको. आपली माणसं रात्र रात्र जागून जे बघत होती, त्यातून त्यांच्या डोक्यात काय घातलं जात होतं आणि त्यांनी स्वतः त्यातून काय उचललं, हे आपण तपासायचं नाही तर कुणी तपासायचं?

१९८० नंतर व्हिडिओ आला. मशीन विकत घ्यायची ऐपत वस्तीत कुणाची? पण व्हीसीआर भाड्यानं मिळायचा. पोरं वर्गणी काढायची. एका रात्रीसाठी मशीन, रंगीत टीव्ही आणि तीन-चार कॅसेटी. पहिला पिच्चर म्हाताऱ्यांसाठी, दुसरा मारामारीचा आणि बाया-पोरं झोपली की भुताचा. सकाळी मशीन परत द्यायचं, म्हणून झोप हराम.

भुताचा म्हणजे बहुधा रामसे बंधूंचा. 'पुराना मंदिर', १९८४. राजा हरिमानसिंग सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं उडवतो. मुंडकं हवेलीत पेटीबंद, धड देवळामागं पुरलेलं. सामरीचा शाप असा की या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. आता बघा, आपण भ्यायचं कुणासाठी? राजाच्या वंशासाठी. हवेली त्यांची, वंश त्यांचा, आणि घाम आपल्या कपाळावर! सामरीला धाक कशाचा, तर त्रिशूळाचा. म्हणजे हवेली आणि देऊळ दोन्ही शाबूत ठेवायची जबाबदारी आपल्या भीतीवर. वर बायकांच्या अंगावरून कॅमेरा फिरवायचा नि आपण शिट्ट्या मारायच्या. या शिट्ट्यांचा हिशेबही आपल्याला द्यावा लागेल.

भुतांमध्येसुद्धा या देशानं जात सोडली नाही. मुंज झालेला पोरगा मेला की त्याचा मुंजा होतो, त्याला पिंपळ राखून ठेवलेला. ब्राह्मण मेला की ब्रह्मसमंध. आणि सरणाची लाकडं वाहणारा, मयताचा सांगावा घेऊन गावोगाव रात्रीचा पळणारा महार? तो जिवंत असतानाच अपशकुनी. त्याची सावली पडली तरी विटाळ. गावाला भुताची भीती वाटायची तेव्हा वाटायची, आमची मात्र भरदिवसा वाटायची. १९५६ साली बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात श्राद्ध-पिंडदान सोडायला लावलं. मेलेल्यांचं भय घालून जिवंतांना लुटायचा धंदा आपल्यापुरता तिथंच बंद झाला. मग आपण भुताचे पिच्चर बघायचे कशाला?

त्याचं उत्तर मला एका अमेरिकन कॅसेटमध्ये सापडलं. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', १९६८. पिट्सबर्गच्या पोरांनी काढलेला पिच्चर. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो. सुरुवातीला दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर घातले. पुढं सगळा खर्च मिळून सुमारे १ लाख १४ हजार डॉलर, हॉलिवूडच्या हिशेबात चिल्लर. रंग परवडत नाही म्हणून काळा-पांढरा. रक्ताच्या जागी चॉकलेटचं सिरप. भुतं म्हणजे ओळखीपाळखीची माणसं.

गोष्ट एका रात्रीची. मेलेली माणसं उठून जिवंतांना खायला लागतात. एका शेतघरात सात जण अडकतात. त्यातला बेन हा काळा माणूस. ही भूमिका ड्वेन जोन्सनं केली. बेन दारं-खिडक्यांना फळ्या ठोकतो, विस्तव दाखवून भुतांना मागं हटवतो, घाबरलेल्यांना हलवून कामाला लावतो. हुकूम कुणाचा चालणार यावरून गोरा कूपर त्याच्याशी भांडतो. अख्ख्या पिच्चरमध्ये बेनच्या रंगाबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही. आपल्याला हे ओळखीचं आहे. शहरात घर भाड्यानं मागायला गेल्यावर जात कोण विचारतो? आडनाव विचारतात.

रात्रभरात बाकीचे सगळे मरतात. बेन तळघरात तग धरून राहतो. सकाळ होते. शेरीफ, बंदूकवाले, कुत्री येतात. बेन वर येतो, खिडकीतून बघतो. बाहेरून एकजण नेम धरतो. कपाळात गोळी. मग त्याला आकडे लावून ओढतात आणि भुतांच्या सरणावर टाकतात. खलास.

थेटरात इथं दिवे लागतात, माणसं उठतात. आम्ही कॅसेट मागं घेतली. परत बघितलं. परत मागं घेतली. आम्ही एकच गोष्ट शोधत होतो. 'कोण आहे?' असं कुणी हाक मारून विचारलं का? नाही. दोन शब्द विचारायला वेळ किती लागतो? गोळी झाडायला लागतो तेवढाच.

रोमेरो सांगायचा की काळा नायक घ्यायचं ठरवून घेतला नव्हता, जोन्स सगळ्यांत चांगला नट होता म्हणून घेतला. ४ एप्रिल १९६८ ला पिच्चरची प्रिंट गाडीत टाकून तो न्यूयॉर्ककडं निघाला होता आणि रेडिओवर बातमी आली की मार्टिन ल्यूथर किंगला गोळी घातली. शेवट त्याआधीच चित्रित झाला होता. लेखकाच्या मनात असो नसो, त्या देशात काळ्या माणसावर रोखलेली बंदूक पिच्चरच्या आधीपासून भरलेली होती. त्याच देशात १९६६ साली ब्लॅक पँथर उभी राहिली आणि १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी ते नाव उचललं, ते उगाच नाही.

आणि ११ जुलै १९९७. घाटकोपरचं माता रमाबाई आंबेडकर नगर. सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली दिसली. माणसं रस्त्यावर आली. राज्य राखीव पोलीस दलानं गोळ्या झाडल्या. दहा जण ठार. का, तर म्हणे जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता. तिथंही कुणी हाक मारून विचारलं नाही. खिडकीत उभा असलेला बेन आणि रस्त्यावर उभी असलेली आपली माणसं, दोघांनाही बंदुकीमागच्या डोळ्यांनी आधी धोका म्हणून पाहिलं. माणूस म्हणून पाहायची वेळच येऊ दिली नाही.

म्हणून दोस्तांनो, भुताचा पिच्चर बघताना दोन प्रश्न विचारा. भूत कुणाला ठरवलंय? आणि सकाळी बंदूक कुणाच्या हातात आहे? रामसेंना विचारा, हॉलिवूडला विचारा, रात्री नऊच्या बातम्यांनाही विचारा.

शेवटची एक गंमत. पिच्चरचं नाव आधी वेगळं होतं. वितरकानं ते बदललं आणि नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची ओळ टाकायची राहिली. त्यामुळं अमेरिकेच्या कायद्यात हा पिच्चर कुणाच्याच मालकीचा उरला नाही. ज्याला वाटलं त्यानं कॅसेट काढली. बनवणाऱ्यांचा पैसा बुडाला, हे वाईटच. पण त्या चुकीमुळंच तो जगभरच्या गल्लीबोळांत पोचला. १९९९ साली अमेरिकेनं त्याला राष्ट्रीय ठेव्याच्या यादीत घातलं. ज्याला फडतूस म्हटलं, त्याची तीस वर्षांनी आरती! साहित्यातही आपल्याबरोबर असंच झालंय, सावध राहा.

आता कॅसेटी गेल्या. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ साली व्हीसीआर बनवणं थांबवलं, ती शेवटची कंपनी. आज प्रत्येकजण आपापल्या मोबाइलवर एकटा बघतो, एकटा भितो. हे मोडा. वस्तीत चादर बांधा, दहा-वीस जण बसा, बायाही झोपायच्या आत बसू द्यात. बेन खिडकीपाशी आला की पिच्चर थांबवा आणि बोला.

भूत नसतं हे आपल्याला १९५६ पासून माहीत आहे. नेम धरणारा असतो. त्याला ओळखायला शिका.

जयभीम.