एनडीएची तयारी : सव्वा मिनिटाचा हिशेब

पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए आहे. तिथे पोहोचण्याची पहिली पायरी लेखी परीक्षेची. केंद्रीय लोकसेवा आयोग ती वर्षातून दोनदा घेतो आणि २०२१पासून मुलींनाही ती देता येते.

पेपर दोन, प्रत्येकी अडीच तासांचे. गणिताचे १२० प्रश्न, ३०० गुण. सामान्य क्षमता चाचणीचे १५० प्रश्न, ६०० गुण; त्यांतले २०० इंग्रजीचे, उरलेले विज्ञान, इतिहास, भूगोल आणि चालू घडामोडींचे.

गणितात एका प्रश्नाला जेमतेम सव्वा मिनिट मिळते, कॅलक्युलेटर चालत नाही. म्हणून अकरावी-बारावीची त्रिकोणमिती आणि कलन पक्के झाले, की मुले घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवतात. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. तीन अंदाज चुकले, की एका बरोबर उत्तराची कमाई गेली! कोणता प्रश्न सोडून द्यायचा, हेही सरावानेच कळते.

लेखी परीक्षेत निवड झालेल्यांना सेवा निवड मंडळाच्या, म्हणजे एसएसबीच्या, पाच दिवसांच्या चाचण्या द्याव्या लागतात. त्यांना ९०० गुण असतात. तिथे अंधुक चित्र ३० सेकंद दाखवून चार मिनिटांत गोष्ट लिहायला सांगतात. दुसऱ्या चाचणीत ६० शब्द एकामागून एक येतात. प्रत्येकावर वाक्य लिहायला १५ सेकंद.

छत्रपती संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रीपरेटरी इन्स्टिट्यूट ही राज्य शासनाची संस्था १९७७पासून दहावी झालेल्या निवडक मुलांकडून अशी तयारी करून घेते. आता नाशिकला मुलींसाठीही तशीच संस्था आहे.