व्यायाम आणि आपले मन



नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत ज्यांचा जन्म दुकानाच्या गादीवर गेला, त्या आम्हां मंडळींना व्यायामाविषयी विचारले, तर 'वेळ नाही' हेच उत्तर मिळते. परंतु खरे कारण आमच्या मनात आहे. 'आपण वहीखात्याची माणसे; कसरत पैलवानांनी करावी,' असे स्वतःचे चित्र आम्हीच रंगविले आहे. लातूर जिल्ह्यातील हरिश्चंद्र बिराजदार 'रुस्तुम-ए-हिंद' झाले, याचा आम्हांस अभिमान; तालीम मात्र परक्यांची! 'लातूर पॅटर्न'च्या चढाओढीत आम्ही मुलाला मैदानावरून ओढून आणतो, आणि सून फिरायला निघाली की आमच्या कपाळी आठ्या पडतात. त्याचे मोल मधुमेह व रक्तदाब यांच्या रूपाने आम्ही मोजीत आहोत.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली असे प्रतिपादिले की, 'हे मला जमेल' हा विश्वास उपदेशापेक्षा स्वतःस आलेल्या यशाने अधिक दृढ होतो. म्हणून एकदम शंभर जोरांचा संकल्प नको. दुकान उघडण्यापूर्वी दहा मिनिटे चालावे. काही दिवस जमले की मनच म्हणू लागते, 'मी चालणारा आहे.' मग जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांस सांगितलेली मध्यम श्रमाची आठवड्याची किमान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, डोंगराएवढी वाटत नाहीत.

मुलाला व सुनेलाही संगती घ्यावे. पुढील पिढीने आम्हांस केवळ बसलेले पाहू नये, इतकीच आमची विनंती.