जादूच्या शाळेतल्या पाटलांच्या मुली



मागच्या महिन्यात माझी सहावीतली नात शाळेतून एक जाडजूड पुस्तक घेऊन आली आणि दारातूनच ओरडली, "आजी, जादूच्या शाळेत पाटील आहेत!" मी भाकरी थापत होते. म्हटलं, पाटील कुठे नाहीत? आमच्या नवी मुंबईत घणसोलीत नाहीतर करावे गावात नुसती हाक मारा, चार पाटील वळून बघतील. माझं माहेरही पाटलांचंच.

पुस्तक होतं हॅरी पॉटरचं. जे. के. रोलिंग या इंग्रज बाईंनी लिहिलेले त्याचे सात भाग १९९७ ते २००७ या काळात प्रसिद्ध झाले. पहिला भाग मराठीत 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावानं आला. परीस म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

त्या शाळेत पार्वती आणि पद्मा पाटील या जुळ्या बहिणी आहेत. शाळेत मुलांचे चार गट. पार्वती एका गटात, पद्मा दुसऱ्या. पहिल्याच वर्षी एक श्रीमंत पोरगा एका भित्र्या मुलाची टिंगल करतो, तेव्हा त्याला गप्प करायला पार्वती पुढे होते. मला तिथेच ती आवडली.

चौथ्या भागात नाच आहे. हॅरीला जोडीदारीण मिळेना, म्हणून तो ऐनवेळी पार्वतीला विचारतो. ती गुलाबी झगा घालून, वेणीत सोनं गुंफून, हातात सोन्याची कडी घालून येते. आणि हा बाबा दुसऱ्याच मुलीकडे बघत बसतो! पद्माच्या जोडीदाराचीही तीच तऱ्हा. पण पार्वती रडत बसत नाही. दुसरा मुलगा विचारतो, तशी उठते आणि नाचायला जाते. पुढे दोघी बहिणी चोरून लढाईची विद्या शिकतात आणि शेवटच्या युद्धात उभ्या राहतात.

आता नातीनं विचारलं, "आजी, यांचं गाव कुठलं?" सातही भागांत त्याचं उत्तर नाही. घरी कोणती भाषा बोलतात, आई डब्यात काय देते, काही नाही. दुष्ट जादूगाराच्या नागिणीचं नाव नागिनी, तेही आपल्याकडचंच. म्हणजे आपल्या देशाची नावं पुस्तकात गेली, पण घर उंबऱ्याबाहेरच राहिलं.

मी बाईंना दोष देत नाही. इंग्लंडात आपली माणसं कित्येक वर्षं राहतात, त्यांची मुलं तिथल्या शाळांत शिकतात. वर्गात पाटील असणार, ते त्यांनी लिहिलं. आपलं घर कसं असतं, ते त्यांनी का सांगावं? ते काम आपलं.

म्हणून मीच पार्वतीला गाव दिलं. नातीला म्हटलं, तिची पणजी खाडीकाठची. मिठागरावर कामाला जायची, जत्रेत गावदेवीची ओटी भरायची. मग माझ्याच आजीच्या गोष्टी निघाल्या. १९७० साली सिडको आली, शहर उभं राहिलं, भातखाचरं गेली. नातीनं खाचर पाहिलेलंच नाही. तिला वाटायचं, आपण कायम इमारतीतच राहतो. त्या रात्री ती उशिरापर्यंत विचारत राहिली, आणि मला कळलं, की हे मी तिला आजवर सांगितलंच नव्हतं.

मैत्रिणींनो, तुमच्या गावाला अजून शेत असेल, ओढा असेल, पण गोष्ट सांगणारं कोणी नसेल तर मुलांच्या हाती नुसतं आडनाव उरतं. मुलींना परदेशी पुस्तकं जरूर वाचू द्या. मात्र बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले, की दहा मिनिटं काढा. एकीनं आपल्या आजीची एक गोष्ट सांगायची, आणि लिहिता येणाऱ्या मुलीनं ती वहीत उतरवायची. वर्षभरात बारा गोष्टी होतील.

पार्वती पाटीलला गाव मिळेल, आणि आपल्या मुलींनाही.