भूकंप आणि मन



११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे कोयनानगरास भूकंप झाला, तेव्हां त्याचा हादरा आमच्या इस्लामपुरालाहि बसला. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंपहि पहाटेचाच. दोन्ही वेळां माणूस आपल्या घरांत निजलेला असतांना घाला पडला. जें छप्पर आसऱ्यासाठीं बांधलें, तेंच अंगावर आलें. म्हणूनच भिंती पुन्हां उभ्या राहिल्या तरी भीति सरत नाहीं.

वर्षें लोटल्यावरहि कोणी दाराशींच अंथरूण घालतो, कोणी भांडें पडलें तरी दचकतो, कोणी त्या रात्रीचें नांवच काढूं देत नाहीं. किल्लारीवर संकट आलें तें अनंतचतुर्दशीच्या विसर्जनानंतर. सणच तेथें दुःखाची आठवण होऊन बसला. पुनर्वसनांत पक्कीं घरें मिळालीं, पण जुनी आळी व शेजार विस्कटला. मन मोकळें करण्याची जागाच गेली. कोयनेच्या खोऱ्यांत तर लहान धक्के अजूनहि बसतात आणि धरलेली खपली पुन्हां निघते.

अशा माणसास भित्रा म्हणणें योग्य नव्हे. ही मनाला झालेली इजा आहे, व ती बरी होऊं शकते. त्यास बोलूं द्यावें, पण बळजबरीनें बोलवूं नये. नित्याच्या कामांत सोबत घ्यावें. महिनोन्‌महिने झोप लागत नसेल, कामांत लक्ष नसेल, तर मानसरोगतज्ज्ञांकडे न्यावें. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवरहि मोफत सल्ला मिळतो. हाड मोडल्यास वैद्याकडे जाण्याची आपणांस लाज वाटत नाहीं. मग येथेंच कां वाटावी?