फाटक उघडेपर्यंत

(बंगळूर येथे रेल्वे कर्मचारी व त्यांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



अशा मेळाव्यात पगार, पेन्शन, बदल्या आणि क्वार्टर्स यांवर बोलणे अपेक्षित असते. ते विषय आहेतच आणि त्यांवरचे ठराव आज मांडले जातील. पण त्याआधी थोडा वेळ आम्ही एका वेगळ्या विषयासाठी मागून घेतला आहे. रस्त्यावर आपण गाडी कशी चालवतो आणि शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या गाडीवाल्याशी कसे वागतो, हा तो विषय. काहींना वाटेल की हे काम ट्रॅफिक पोलिसांचे, युनियनचा यात काय संबंध? संबंध आहे, आणि तो रेल्वेच्या फाटकापाशी सर्वांत स्पष्ट दिसतो.

हे शहर गेल्या तीस वर्षांत लाइनीच्या दोन्ही अंगांना पसरले. होसूर लाइनवर कार्मेलराम, हीललिगे या बाजूला पूर्वी शेते होती, तिथे आता कंपन्या आणि उंच इमारती उभ्या आहेत. जिथे पूल किंवा भुयारी रस्ता झाला तिथले लोक सुटले. जिथे तो झाला नाही तिथे फाटक आहे, आणि फाटकावर आपला गेटमन आहे. गाडीची सूचना आली की तो भोंगा वाजवतो, दिवा लाल होतो, दांडा खाली येऊ लागतो. नेमक्या त्याच क्षणी शंभर मोटरसायकली पुढे सरसावतात. कोणी मान वाकवून दांड्याखालून निघतो, कोणी मोटारीचे नाक आत घालून ठेवतो. गेटमन हात जोडतो, ओरडतो, आणि शेवटी शिव्या खातो. काही ठिकाणी मारही खाल्ला आहे.

आता यात रेल्वेचे गणित काय आहे, ते आपल्या घरच्या मंडळींनीही समजून घ्यावे. ज्या फाटकाला इंटरलॉकिंग आहे, तिथे फाटक पुरते बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय सिग्नल उतरतच नाही. म्हणजे शेवटचा स्कूटरवाला दांड्याखाली घुटमळत राहिला, तर तिकडे सिग्नल लालच राहतो आणि हजार-बाराशे प्रवाशांची गाडी माळावर उभी राहते. एकाची दोन मिनिटे वाचावीत म्हणून हजार माणसांची पाच-पाच मिनिटे जातात. त्या गाडीत कोणाची परीक्षा असते, कोणाला पुढची गाडी पकडायची असते, कोणी आजारी असते. ती माणसे स्कूटरवाल्याला दिसत नाहीत, आणि दिसत नाहीत म्हणूनच तो तसे वागतो.

जिथे इंटरलॉकिंग नाही तिथली स्थिती अधिक नाजूक. तिथे स्टेशन मास्तर आणि गेटमन यांच्यात फोनवर प्रायव्हेट नंबरची देवाणघेवाण होते, आणि फाटक बंद झाले या शब्दावर गाडी सुटते. सगळा कारभार माणसाच्या शब्दावर आणि जागेपणावर चालतो. ८ जुलै २०२५ रोजी तामिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पम येथे अशाच बिगर-इंटरलॉक फाटकावर शाळेच्या व्हॅनला पॅसेंजर गाडीची धडक बसली आणि तीन विद्यार्थी प्राणास मुकले. फाटक बंद नव्हते. गेटमनला निलंबित करून अटक झाली. चूक झाली असेल तर ती झाकण्यासाठी युनियन नाही, हे आम्ही येथे स्पष्ट सांगतो. पण त्याचबरोबर हेही सांगतो की ज्या फाटकावर गेटमनला बारा-बारा तासांची पाळी असते, तिथे आठ तासांची पाळी आणि इंटरलॉकिंग मागणे ही केवळ कर्मचाऱ्याच्या सोयीची मागणी नाही. ती त्या व्हॅनमधल्या मुलांच्या बाजूने केलेली मागणी आहे. आणि जो गाडीवाला रोज फाटकाशी येऊन "उघड रे, गाडी यायला अवकाश आहे" म्हणून गेटमनच्या मागे लागतो, तो त्याला चुकीच्या दिशेने एकेक पाऊल ढकलत असतो.

रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १६० प्रमाणे बंद फाटक अधिकार नसताना उघडले तर तीन वर्षांपर्यंत आणि फाटक तोडले तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कलम फार थोड्यांना ठाऊक आहे. पण कलमापेक्षा मोठी गोष्ट अशी, की रेल्वेच्या ड्रायव्हरच्या हातात स्टिअरिंग नसते. आता कागदोपत्री त्याला लोको पायलट म्हणतात, पण रूळ जिकडे नेतील तिकडेच त्याला जायचे आहे. ताशी शंभर किलोमीटरने धावणारी गाडी आणीबाणीचा ब्रेक लावूनही कित्येकशे मीटर पुढे जाते. भरलेली मालगाडी तर पाच हजार टनांच्या घरात. समोर माणूस दिसत असतो, शिटी वाजत असते, ब्रेक लागलेला असतो, आणि पुढे काय होणार ते डोळे उघडे ठेवून पाहण्यावाचून ड्रायव्हरला काही करता येत नाही. असे पाहिलेले ड्रायव्हर आज या सभेत बसलेले आहेत. त्यांना विचारा, त्या रात्री झोप लागते का.

फाटकापाशी आणखी एक दृश्य रोज दिसते. फाटक बंद असताना मागून येणारा गाडीवाला आपल्या बाजूच्या रांगेत थांबत नाही. तो उजवीकडची मोकळी बाजू पकडून पुढे येतो, त्याच्या मागे दुसरा येतो. पलीकडेही तेच. गाडी निघून जाते, फाटक उघडते, आणि दोन फौजा एकमेकींसमोर उभ्या ठाकतात. कोणालाच पुढे जाता येत नाही. गाडी जायला दोन मिनिटे लागली असतील तर हा गुंता सुटायला दहा लागतात. एवढ्यात पुढच्या गाडीची सूचना येते, पण रुळावर वाहने अडकलेली! मग गेटमनने लाल झेंडी घेऊन आणि इशाऱ्याचे फटाके घेऊन बाराशे मीटर धावत सुटायचे. कोणा एकाला दहा माणसांच्या पुढे जायचे होते, एवढ्यासाठी.

मित्रहो, शहरात जे चौकाचौकांत होते ते याच फाटकावरच्या गोंधळाचे मोठे रूप आहे. टॉमटॉम या संस्थेने २०२४ सालासाठी केलेल्या मोजणीत बंगळुरात दहा किलोमीटर जायला सरासरी ३४ मिनिटांच्या वर लागत होते. पुणे त्याच्या पाठोपाठच होते, तेव्हा तिकडून बदलून आलेल्यांनी फार हसू नये. रस्ते अरुंद आहेत, खड्डे आहेत, वाहने एक कोटीहून अधिक झाली आहेत, हे सारे खरे. त्याबद्दल सरकारला आणि पालिकेला जाब विचारलाच पाहिजे. पण मोकळ्या रस्त्यावरही लाल दिवा तोडणारा, फूटपाथवर मोटरसायकल चढवणारा, एकेरी रस्त्यावर उलटा येणारा जो आहे, त्याला खड्ड्याने तसे करायला सांगितलेले नाही. पीण्याच्या कारखान्यांतून पाळी सुटल्यावर फूटपाथने घरी चालत जाणाऱ्या बाईला मागून हॉर्न मारून बाजूला व्हायला लावणे, याला काय म्हणावे? फूटपाथ ही तिची एकच जागा, तीही आपण घ्यायची?

फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटक सरकारने ट्रॅफिकच्या थकलेल्या दंडावर निम्मी सवलत दिली. थोड्या दिवसांत एकट्या बंगळुरात शंभर कोटी रुपयांहून अधिक वसूल झाले. सवलत घेण्यासाठी लोकांनी पोलीस ठाण्यांसमोर रांगा लावल्या. म्हणजे या शहराला रांग लावता येते. ती सिग्नलपाशी का लावता येत नाही, एवढाच प्रश्न आहे.

आपल्याकडे लाल सिग्नलला सवलत नाही. ड्रायव्हरने लाल सिग्नल ओलांडला की त्याला त्याच क्षणी गाडीवरून उतरवतात, तपासणी होते, चौकशी बसते, नोकरीवर पाणी सोडावे लागू शकते. मागेपुढे गाडी होती की नव्हती, रात्रीचे दोन वाजले होते की दुपारचे, हे कोणी विचारत नाही. कारण सिग्नलच्या पलीकडे कोण आहे ते ड्रायव्हरला दिसत नसते. रुळावर काम करणारी गँग असेल, वळणामागे उभी गाडी असेल. न दिसणाऱ्या माणसासाठी थांबणे, ही रेल्वेची सारी शिस्त. ही शिस्त अंगी असलेला माणूस ड्यूटी संपवून बाहेर आला, स्कूटरला किक मारली, की ती शिस्त यार्डात ठेवून जायची काय? आमचे म्हणणे एवढेच आहे की ती बरोबर घेऊन जावी.

शिटीचेच पाहा. इंजिनाच्या शिटीची भाषा ठरलेली आहे. किती लांब, किती आखूड, कशासाठी, हे नियमात लिहिलेले आहे. फाटकाआधी पिवळी पाटी लागते, "सी/फा" लिहिलेली. तिथून शिटी वाजवायची, कारण पुढे माणसे आहेत. म्हणजे शिटी दुसऱ्याच्या जिवासाठी असते. रस्त्यावरच्या हॉर्नला मात्र एकच अर्थ उरला आहे, "हट!" दिवा हिरवा व्हायच्या आधीच मागचे सगळे हॉर्न सुरू होतात. पुढचा माणूस काय दिवा खिशात घेऊन बसला आहे? रात्रीच्या दिव्यांचेही तसेच. तुमकूर रोडवर, होसूर रोडवर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर प्रखर झोत मारत यायचे आणि डिपर द्यायचा नाही. त्याचे डोळे दिपले तर तो येऊन आपल्यावरच आदळेल, एवढा स्वार्थी विचार केला तरी पुरे.

आता कामगार म्हणून एक गोष्ट. समोर आडवा आलेला तो दुसरा गाडीवाला कोण असतो? बीएमटीसीचा ड्रायव्हर असतो. भर गर्दीत अवजड बस ओढून त्याचे पाय आणि कंबर मोडलेली असते. तो थांब्यावरून बस बाहेर काढतो तेव्हा त्याला कोणी जागा देत नाही. रिक्षावाला असतो, भाड्याच्या रिक्षाचे पैसे दिवसअखेर मालकाला देणारा. पाठीवर पेटी बांधलेला डिलिव्हरीचा पोरगा असतो, त्याला खेपेवर पैसे मिळतात. त्याची घाई त्याची स्वतःची नाही; ती कंपनीने त्याच्या मोबाईलमध्ये भरलेली आहे. कर्नाटकात २०२५ साली अशा कामगारांसाठी कल्याणाचा कायदा झाला, ही चांगली गोष्ट. पण त्याच्यावरची घाई कमी व्हायला आणखी लढावे लागेल. तोवर त्याला शिव्या देण्याआधी आपण ध्यानात ठेवावे की तो आपलाच माणूस आहे. सभेत एकजुटीच्या घोषणा देऊन रस्त्यावर एका कामगाराने दुसऱ्याला चेपायचे, यात एकजूट कुठे राहिली?

याच शहरातल्या रिक्षांच्या मागे शंकर नाग यांची चित्रे दिसतात. १९८० च्या 'ऑटो राजा' या कन्नड चित्रपटात त्यांनी रिक्षावाल्याची भूमिका केली, तेव्हापासून ते रिक्षावाल्यांचे झाले. आपण त्यांना 'मालगुडी डेज'चे दिग्दर्शक म्हणून ओळखतो, आणि '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या लेखनातही त्यांचा वाटा होता. ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळ अनगोडू गावापाशी मोटार अपघातात ते गेले. वय होते ३५. इतक्या वर्षांनंतरही लोक हळहळतात. पण नाव नसलेल्यांची हळहळ कोण करणार? केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. दिवसाला चारशे साठच्या वर. एवढी माणसे रोज रेल्वेत मेली असती तर देशाने आपल्याला एक दिवस झोपू दिले नसते.

या शहरात एक सुंदर वाक्य आहे. बसमध्ये, गाडीच्या डब्यात, हॉटेलच्या बाकावर कानी पडते: "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी." थोडे सरकून घ्या, थोडे सांभाळून घ्या. तिघांच्या बाकावर चौथा बसतो आणि कोणाचे काही बिघडत नाही. बाकावर जे जमते ते हँडल हातात आल्यावर का जमू नये? फक्त तिथे ते वाक्य दुसऱ्याला सांगायचे नाही, स्वतःला सांगायचे.

तेव्हा या मेळाव्यातून जाताना प्रत्येकाने पाच गोष्टी बरोबर न्याव्यात. फाटक बंद होऊ लागले की थांबायचे, आणि आपल्याच बाजूला, रांगेत. लाल दिव्याला पोलीस नसतानाही थांबायचे. ॲम्ब्युलन्सला वाट द्यायची. न देणाऱ्याला आता दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, पण दंडासाठी नव्हे, आतल्या माणसासाठी द्यायची. अपघात दिसला तर जखमीला दवाखान्यात न्यायचे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे आणि २०१९ पासून ते मोटार वाहन कायद्यातही आले आहे, तेव्हा पोलिसांच्या भीतीने कोणी मागे सरू नये. आणि पाचवी, कोणी वाट दिली तर हात वर करून त्याला कळवायचे. गाडी फाटकावरून जाताना गेटमन झेंडी दाखवतो, ड्रायव्हर त्याला उत्तर देतो. दोघांना एकमेकांचे नावही ठाऊक नसते. तेवढी ओळख रस्त्यावरही पुरते.

आज घरी जाताना आपल्यातल्या बऱ्याच जणांना फाटक लागेल. तिथे उभा असलेला माणूस आपल्या युनियनचा आहे. त्याला हाक मारू नका, घाई करू नका. इंजिन बंद करा आणि गाडी जाऊ द्या.