चांदबिबीचा तह का टिकला नाही?



नगरला पाहुणे आले की आपण त्यांना डोंगरावरचा ‘चांदबिबीचा महाल’ दाखवतो. खरं तर ती सलाबतखानाची कबर. चांदबिबीची गोष्ट घडली खाली, भुईकोट किल्ल्यात. मुघलांशी लढलेली शूर राणी एवढीच ती आपल्याला माहीत असते. मला आज त्या लढाईच्या आधीचं आणि नंतरचं सांगायचंय.

1595 मध्ये इब्राहिम निजामशहा लढाईत मारला गेला आणि दरबारात चार तट पडले. मियाँ मंजूने अहमद नावाचा मुलगा गादीवर बसवला. इखलासखान आणि हबशी सरदारांनी दुसरंच पोर उभं केलं. तिसऱ्या गटाने म्हाताऱ्या शाह अलीला पुढे आणलं. चांदबिबी इब्राहिमच्या तान्ह्या मुलाच्या, बहादूरच्या पाठीशी होती. चारही म्होरके मुसलमान, भांडण सत्तेचं. मंजूने मदतीला मुघल शहजादा मुराद बोलावला. नंतर पस्तावला, पण तोवर फौज वेशीवर आली होती.

चांदबिबीने किल्ला लढवला. 1596 मध्ये तह झाला: वऱ्हाड मुघलांना, नगरची गादी बहादूरला. वेढा उठला, पण यादवी तशीच राहिली. तह बाहेरच्यांशी झाला होता, घरातल्या तटांचा आपसात काहीच करार नव्हता. नवा पेशवा मुहम्मदखान सगळी सत्ता स्वतःकडे ओढू लागला आणि अडचणीत आल्यावर त्यानेही मुघलांनाच हाक मारली.

1600 मध्ये पुन्हा वेढा पडला. किल्ला टिकणार नाही हे ओळखून चांदबिबी बोलणी करायला निघाली. ‘बेगम फितूर झाली’ अशी हाकाटी उठली आणि आपल्याच लोकांनी तिला ठार केलं. लवकरच किल्लाही पडला.

आता शेजारच्या नेपाळकडे बघा. तिथलं दहा वर्षांचं यादवी युद्ध 2006 च्या करारानं थांबलं. माओवादी लढवय्यांना छावण्यांत ठेवलं, शस्त्रं संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली गेली, 2008 मध्ये निवडणूक झाली. पीडितांचा न्याय रखडला, तरी युद्ध परतलं नाही. कारण लढणाऱ्यांना राजकारणात जागा मिळाली.

आपल्याकडे दंगलीनंतर शांतता समितीची बैठक होते. चहा होतो, फोटो निघतो. पण बंद पडलेलं दुकान पुन्हा कसं उघडायचं, तुटलेली येणीजाणी कशी सुरू करायची, हे कोण बोलतं? आणि आपल्यातलाच कुणी ‘चला, बोलू या’ म्हणाला, तर त्याला फितूर ठरवणारा मेसेज पाच मिनिटांत फिरतो.

तो मेसेज तुमच्या मोबाईलवर येईल. पुढे पाठवण्याआधी चांदबिबी आठवा.